ताटाखालचा घास

माझ्या नवऱ्याबद्दल, म्हणजे झिवाईच्या बाबांबद्दल, कुणालाही विचारा, आधी पावाचंच निघेल. मास्विंगो शहरातल्या एका बेकरीत त्यांनी जन्म काढला. शुक्रवारी संध्याकाळची बस आमच्या फाट्यावर थांबली की त्यांच्या आधी पावाचा वास खाली उतरायचा, आणि कातळाच्या टेकडीपलीकडची पोरंसुद्धा धावत सुटायची. नीट फुगलेले पाव घरचे, कडेचे करपलेले गावच्या पोरांचे. ते दारू प्यायले नाहीत, कुणावर हात उचलला नाही. मुलांना शिकवलं, बहीण विधवा झाली तेव्हा तिला आमच्याच अंगणात झोपडी बांधून दिली. त्यांना पुरलं त्या दिवशी पाद्रीबुवांनी घरासाठी झिजलेला माणूस म्हणून त्यांची इतकी वाखाणणी केली की मला वाटलं, बुवा, एक रात्र त्यांचं घोरणं ऐकलं असतंत तर थोडं आवरतं घेतलं असतंत. पण खोटं त्यात काही नव्हतं.

फक्त वर्षातला एक शुक्रवार ते यायचे नाहीत. पेरण्या उरकल्यानंतरचा. दुसऱ्या दिवशी दुपारी यायचे, बुटांना चिखल. "भट्टी बिघडली होती," म्हणायचे. भट्टी दरवर्षी त्याच सुमाराला कशी बिघडते, आणि भट्टीपाशी चिखल कुठून येतो, हे मी कधी विचारलं नाही. मी तोंडाची फटकळ म्हणून गावभर ओळखली जाते, पण ज्याचं उत्तर नको असतं ते मी विचारत नाही.

आमच्याकडे माणूस गेला की सुना त्याचे कपडे घालून त्याची नक्कल करतात. रडून सुजलेल्या घराला हसवायचं काम सुनांचं. सासऱ्याची जितकी टर उडेल तितका त्याचा मान मोठा. थोरली ग्लॅडिस तर त्यांची टोपी घालून अंगणभर कोंबड्या मोजत फिरली, एक कमी भरली म्हणून माझ्या नणंदेच्या पदराखाली शोधू लागली.

"अगं मेले, ती कोंबडी नव्हे, माझं पोट आहे ते!" नणंद ओरडली. डोळे पुसता पुसता बायका हसत होत्या. मीसुद्धा हसले.

मग सगळ्यांनी धाकटीला पुढे ढकललं. चेनेसाई. माझ्या धाकट्या गारिकाईने तिकडे मुतारे शहरात लग्न जमवलं होतं, आणि मयताच्या बसनेच तिला पहिल्यांदा घरी आणलं होतं. सासऱ्याची आणि तिची जिवंतपणी गाठ पडली नव्हती.

"मी काय करणार? मी तर त्यांना पाहिलंच नाही," ती म्हणाली.

"मग नवऱ्याची कर! तो बापाचाच साचा आहे," ग्लॅडिसने टोपी तिच्या डोक्यावर थापली आणि त्यांचा तपकिरी कोट तिच्या खांद्यावर टाकला.

चेनेसाईने बाह्या चढवल्या. मग चालली. डावा खांदा खाली, उजवा वर. तीस वर्षं पावाचे ट्रे उचलून त्यांचा खांदा तसा झाला होता. गारिकाई तसा चालत नाही. माझा कुठलाच मुलगा तसा चालत नाही.

बायकांनी टाळ्या पिटल्या. कुणीतरी तिच्यापुढे सादझाचं ताट ठेवलं. ती मांडी घालून बसली, घट्ट शिजलेल्या पिठाचा छोटा घास तोडला, मुठीत दाबून गोल केला. दाराकडे एकदा बघितलं. मग ताटाची कड जराशी उचलून घास खाली सरकवला.

"बघा, बघा!" ग्लॅडिस किंचाळली. "बायकोपासून लपवतोय म्हातारा!"

अख्खं अंगण हसलं. माझ्या हातातलं पाणी मात्र लुगड्यावर सांडलं.

झिवाईच्या आधी मला एक मूल झालं होतं. ते रडलंच नाही. सासूबाईंनी मला दाखवलंसुद्धा नाही. मडक्यात घालून नदीकाठी ओल्या मातीत पुरून आल्या, कारण असलं मूल ओल्यातच ठेवायचं असतं. त्याचं नाव नाही, सुतक नाही, त्याच्याबद्दल बोलायचं नाही. पण त्या संध्याकाळी झिवाईच्या बाबांनी पहिला घास ताटाखाली सरकवला, आणि पुढे जन्मभर सरकवला, फक्त आम्ही दोघं जेवत असू तेव्हा. चार माणसांत कधी नाही, पोरांसमोर तर नाहीच. सासूबाई कधीच गेल्या. हे जाणणारं जगात माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी चेनेसाईला शेंगा सोलायला बसवलं.

"कुणी शिकवलं तुला ते ताटाखालचं?"

"कुणीच नाही, आई. हात आपोआप गेला."

"हात गेला! माझा हात कधी शेजारणीच्या कोंबडीवर आपोआप गेला नाही."

तिने मान खाली घातली. बोटं लांब होती तिची, नखं चपटी. मी बघत राहिले. त्यांचीही नखं चपटी होती. पण गावात बघाल तर निम्म्या लोकांची नखं चपटी सापडतील, असं मी स्वतःला सांगितलं, आणि मग दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्यांची नखं बघत बसले.

असली गोष्ट माणूस सांगेल कुणाला? जिच्यापाशी झोपतो तिला. वर्षातला तो एक शुक्रवार माझ्या डोक्यात भुंग्यासारखा फिरू लागला. तिकडे एखादं घर असेल, त्या घरात ताट असेल, एक पोर बापाला घास सरकवताना बघत मोठी झाली असेल. तसं असेल तर गारिकाई घरात बायको नाही, बहीण घेऊन आला होता. हे पाप पोटात घेऊन कुठलं घर उभं राहत नाही. गेलेल्याचे कपडे वाटायच्या दिवशी सगळं कूळ जमतं. तिथं मला बोलावं लागणार होतं. बोलले की पोरगी गाठोडं घेऊन परत जाणार, गारिकाईचा संसार मोडणार, आणि पावाचा वास सोडून त्यांच्या नावाला दुसराच वास लागणार.

वाटणीच्या आधी चेनेसाईची आई भेटायला आली. होंडेच्या खोऱ्यातली, चहाच्या मळ्यात पानं खुडणारी. डोक्यावर केळ्यांचा घड, काखेत चहाची पिशवी. मी तिला सावलीत बसवलं आणि खोदून खोदून विचारलं.

"मास्विंगोला येणंजाणं असेल तुमचं?"

"कुठलं हो, विहीणबाई! आज पहिल्यांदा इकडे आले. बसमध्ये तीनदा ओकले. ड्रायव्हर म्हणाला, मावशी, परत जाताना पायी जा."

"आणि चेनेसाईचे वडील?"

"ते काय, गारिकाईने सांगितलं नाही? ठेंगणे, काळेकुट्ट, भांडखोर. पोरगी हुबेहूब त्यांच्यावर गेली आहे, बोलणं सोडलं तर."

ती मनापासून हसली. खोटं बोलणारी बाई अशी हसत नाही, किंवा फार सराईत असेल तरच हसते. मला काही ठरवता येईना.

मग मी एक युक्ती केली. शाळेचं तोंड मी फारसं पाहिलं नाही, पण खोटं पकडायला शाळा लागत नाही.

झिवाईच्या बाबांना ठाऊक नव्हतं असं एक मलाच ठाऊक होतं. ते पहिलं मूल गेलं त्या वर्षी नदी फुगत चालली होती. पूर त्या मडक्यापर्यंत पोचेल हे मला सहन होईना. पाणी आणायला निघाल्यासारखी गेले, मडकं उकरून काढलं, डोक्यावर घेतलं, आणि घरामागच्या वारुळापाशी पुरलं. कोरड्या मातीत. कोरड्यात पुरलं की आईची कूस सुकते म्हणतात. पुढे मला चार झाली. मी कुणाला बोलले नाही, त्यांनाही नाही. ते गेले तेव्हा खड्डा कुठं खणायचा विचारायला लोक आले. मी वारुळाकडे बोट दाखवलं. सावली चांगली आहे म्हटलं.

तर आता मी चेनेसाईला विचारणार होते. ती "नदीकाठी" म्हणाली, म्हणजे त्यांनीच तिला सांगितलेलं. गोंधळली, म्हणजे सगळा योगायोग.

वाटणीच्या आदल्या दुपारी घरची सगळी माणसं लाकडं आणायला गेली होती. स्वयंपाकाच्या खोपटात मी आणि ती. चूल धुमसत होती. कपड्यांच्या ढिगातून मी कोट काढला.

"घाल."

"आता? हसायला कुणी नाही, आई."

"घाल म्हणते ना."

तिने घातला. कोटाला आंबलेल्या पिठाचा वास होता. बाकी कपड्यांचा तो धुतल्यावर गेला होता.

"आपलं पहिलं कुठं आहे?" मी विचारलं.

ती बोलायच्या आधी नाकाने श्वास आत घेऊन थांबली. झिवाईचे बाबा तसे थांबायचे. मला त्याची चीड यायची.

"नदीकाठी. ओल्या मातीत," ती म्हणाली.

सापडली! मी ताडकन उठले. उद्या काय बोलायचं ते शब्दसुद्धा तोंडात तयार झाले.

"असं मला वाटायचं," ती पुढे म्हणाली.

मी तशीच उभी.

"दरवर्षी पेरण्या झाल्या की तिथं जाऊन बसायचो. पाव घेऊन. रात्रभर. भलत्याच जागी बसलो इतकी वर्षं."

आवाज तिचाच होता. बायकी, जरा चिरका. त्यात रागही नव्हता.

"तू मला त्याच्या शेजारी ठेवलंस. बरं केलंस."

चुलीतलं लाकूड खाली पडलं. मी ते परत आत सरकवलं.

"पण मडकं रिकामं आहे," ती म्हणाली.

"रिकामं म्हणजे?" मी विचारलं. "मग ते कुठं आहे?"

चेनेसाईने कोट उतरवला, नीट घडी घातली.

"काय कुठं आहे, आई?" तिने विचारलं. "तुम्ही बसा बरं. चेहरा बघा कसा झालाय तुमचा."

दुसऱ्या दिवशी खोपटात पाय ठेवायला जागा नव्हती. पुरुष एका बाजूला बाकावर, बायका चटयांवर, उशिरा आलेली माणसं दाराबाहेर उन्हात. झिवाईने विचारलं, वाटणीआधी कुणाला काही बोलायचंय का. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली, कारण मी काही बोलणार नाही असं आजवर झालेलं नाही.

मी मान हलवली. काही नाही.

चेनेसाई माझ्याच चटईवर होती. आमच्या दोघींच्या मध्ये थोडी जागा मोकळी होती, लहानशी. बाहेर लोक उन्हात उभे होते, तरी तिथं कुणी बसलं नव्हतं, आणि हे कुणाला खटकतही नव्हतं.

तेवढ्यात माझी नणंद आली. डोळे तिचे अजून धड आहेत, सुईत दोरा ओवते. माणसांतून वाट काढत ती आमच्या चटईपाशी पोचली, वाकली, गुडघ्यावर हात टेकला.

"सरक जरा, बाळ," ती म्हणाली.

माझ्याकडे बघून नाही. चेनेसाईकडेही नाही. आमच्या मधल्या त्या लहानशा मोकळ्या जागेकडे. मग ती थोडी थांबली, आणि "हं, अस्सं," म्हणून खाली बसली.