शंभर होड्यांची सागरकोठी

नारळी पौर्णिमेच्या दुपारी समुद्राला नारळ वाहून झाला आणि खारवेळ बंदरातल्या सगळ्या होड्या एकदमच सुटल्या. पूर्वी निघताना होड्यांचे म्होरके, तांडेल, आभाळाकडे बघत. आता ते सुकाणूपाशी बसवलेल्या लाटसांग्याकडे बघतात. मूठभर आकाराचं हे यंत्र होडीखालच्या पाण्याची चाल बंदरातल्या सागरकोठीला कळवतं आणि इतर होड्यांची खबर तिथून आणतं. सगळ्यांच्या खबरी जुळवून कोठीला वादळाची चाहूल आधीच लागते. लाटसांगे आल्यापासून खारवेळचा एकही माणूस बुडाला नव्हता.

सागरकोठी म्हणजे मच्छीमार सोसायटीच्या बर्फखान्यामागची एक खोली, एक संगणक आणि तो सांभाळणारी हेमांगी चोगले. आज तिचा जीव टांगणीला लागला होता. पडद्यावर शंभर होड्या हिरव्या दिसत होत्या. उरलेल्या दोनशेंना कोठी एकच उत्तर देत होती : जागा नाही.

“अगं, गेल्याच आठवड्यात तू होड्यांची मर्यादा शंभरवरून पाचशे केलीस ना?” सोसायटीचे चेअरमन जनार्दनकाका म्हणाले.

“केली होती. पण सकाळी तुमच्या लाउडस्पीकरांनी वीज घालवली ना, काका!”

काकांचं तोंड एवढंसं झालं. खरं तर चूक हेमांगीचीच होती. कोठीचा डेटाबेस एका बंदिस्त कंटेनरात, म्हणजे संगणकातल्याच एका आभासी डब्यात चालतो, आणि तो कंटेनर दर वेळी चालू होताना मूळ साच्यातून नव्याने जन्म घेतो. त्याच्या आत केलेले बदल मागच्या जन्मातच राहतात. सणाच्या गडबडीत तिने मर्यादा आतच बदलली होती, आणि ती लागू झाली की नाही ते पाहिलंच नव्हतं.

“मग बदल की परत!”

“बंद करून चालू केल्याशिवाय आकडा लागू होत नाही, आणि चालू केलं की पुन्हा शंभरच. सेटिंगची फाइल बाहेर ठेवून कंटेनरला जन्मतःच ती वाचायला लावायला हवी. ते मी करते. पण मधली दोन मिनिटं सगळेच लाटसांगे मुके होतील.”

त्या शंभरांत तिच्या नवऱ्याची, दीनानाथची होडी सर्वांत पुढे होती. कोठी सांगत होती की धोका नाही. पण ते शंभरांच्याच भरवशावर. हेमांगीने वायरलेस उचलला.

“दीना, दोन मिनिटं कोठी बंद ठेवतेय. आभाळावर लक्ष ठेव.”

“ठेवतो. तू तुझं काम कर.”

तिने बटण दाबलं. पडदा काळा झाला. काका देवाचं नाव घेऊ लागले.

मग एकेक ठिपका उमटू लागला. शंभर झाले, दोनशे झाले, पडदा हिरवा होत गेला. आत्तापर्यंत कोठीला न दिसलेल्या, दक्षिणेकडच्या छोट्या होड्यांखाली पाणी विचित्र ढवळत होतं. कोठीने त्यांच्या खबरी जुळवल्या आणि भोंगा वाजला : दक्षिणेकडून वादळ, तासाभरात. सगळ्या होड्या माघारी वळल्या.

वादळ येऊन आदळलं तेव्हा बंदर भरलेलं होतं. ओलाचिंब दीनानाथ दारात उभा राहिला, तशी हेमांगी रडली आणि रडता रडता त्याच्यावर चिडलीही.

“गेल्या वर्षीपेक्षा किती होड्या वाढल्या बघ,” काका म्हणाले. “शहरात गेलेली पोरं परत येताहेत.”

हेमांगीने डोळे पुसले आणि बाहेर ठेवलेली फाइल उघडली. पाचशेच्या आकड्याकडे ती बघत राहिली.

“काका, पुढच्या वर्षी एवढे पुरतील का हो?”