फक्त अर्थ पोचतो

भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे मिस्टर, बोगद्याची पाहणी करायला आत जायचे आणि बाहेर वायरलेस सांभाळायचं काम माझं असायचं. त्या दिवशी त्यांचा घरी राहिलेला चष्मा घेऊन ताई आली होती, ती माझ्याच केबिनमध्ये त्यांची वाट बघत बसली. भाऊजी एकटेच आत गेले होते.

आमचा संच नवीन होता. खडकातून आवाज नीट येत नाही, म्हणून हा संच आवाज पाठवायचाच नाही. बोलण्यातला अर्थ तेवढा काढून पाठवायचा. बाहेरचा संच त्या अर्थावरून वाक्य जुळवायचा आणि भाऊजींच्याच आवाजात बोलायचा. खरखर नाही, धाप नाही. घरी इतकं गोड कधी बोलत नाहीत, असं ताई हसून म्हणालीसुद्धा.

दुपारी पायाखालची जमीन हादरली. बोगद्याच्या तोंडातून धुळीचा लोट आला, ओल्या मातीचा वास केबिनभर पसरला. मी बटण दाबून हाका मारत सुटलो.

"आम्ही दोघं अडकलोय," भाऊजी शांतपणे म्हणाले. "लवकर या."

ताईच्या जिवात जीव आला. माझ्या नाही. आत माणूस गुदमरत असला, किंचाळत असला, तरी हा संच असाच बोलणार, हे मला ठाऊक होतं. ते ताईला सांगायला जीभ रेटेना. दुसरं कोण आहे, असं मी विचारलं. "लवकर या," एवढंच पुन्हा आलं. मुकादमाने सगळी माणसं पुन्हा मोजली. कुणीच कमी नव्हतं.

उकरायला सुरुवात झाली, पण एक दगड हलवला की वरून आणखी कोसळायचे. मी नुसता ऐकत बसलो. लागलंय का, तहान लागलीय का, असं ताई विचारायची. हवा कमी होत चाललीय, असं भाऊजी त्याच गोड आवाजात सांगायचे.

मग म्हणाले, "माझं राहू दे... याला आधी काढा. फार घाबरलाय."

"कोण हो?" ताईने हळूच विचारलं.

"नाव सांगत नाही... थंडीने कुडकुडतोय नुसता."

त्यानंतर संच गप्प झाला. ताई बटण दाबून बोलतच राहिली. मी तिला थांबवलं नाही.

सकाळी वाट मोकळी झाली. भाऊजी भिंतीला टेकून बसलेले होते, केव्हाच गेलेले. अंग बर्फासारखं गार. आत दुसरं कुणीही नव्हतं. त्यांचा कोट मात्र शेजारी होता, झोपलेल्या माणसाला पांघरावा तसा नीट पसरलेला. मी तो उचलला. खाली नुसता खडक...

कोटाचं अस्तर अजून उबदार होतं.