वरच्या खोलीतली लाइन

त्या दिवशी मी दुकानाचं शटर ओढत होतो तेवढ्यात तो आला, फोनची पाच मीटर वायर घ्यायला. नोव्हेंबरातला शेवटचा शुक्रवार. माझा दोस्त तो, कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. पोरांनो, तुम्हाला खोटं वाटेल, पण तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेतून यायचं. मोडेम नंबर फिरवायचा, किरकिरायचा, मग कुठे लागायचं. घरात कुणी दुसरा फोन उचललेला असला की बसा बोंबलत.

त्याने एका विधवेशी लग्न केलं होतं. बाई गुणाची. पण तिच्या पहिल्या नवऱ्याचा कॉम्प्युटर घरात होता. त्याचे फोटो, त्याने स्वतः म्हटलेली गाणी, सगळं त्यात. आणि हा त्या मेलेल्या माणसावर जळायचा. मला म्हणायचा, "मला अहो-जाहो करते. त्याची आठवण निघाली की मात्र 'अरे' म्हणते."

त्या रात्री याने थाप मारली. व्हायरस शिरलाय, सगळं पुसून नवी सिस्टीम टाकावी लागेल. ती वर झोपायला गेली.

साडेदहाला याने डिस्क पुसली. सीडी घातली. पडद्यावरची निळी पट्टी सरकत गेली तसा हा मनातून सुखावत गेला. शेवटी नोंदणीसाठी इंटरनेट लावायला गेला, तर डायल टोन नाही. वायर बदलली. मोडेमची पिन काढून पुन्हा बसवली. तेच. लाइनच मेलीय का बघावं म्हणून टेबलावरचा फोन कानाला लावला.

लाइन मेली नव्हती. त्यावर त्याची बायको हसत होती.

तीन वर्षांच्या संसारात तिला असं हसताना त्याने ऐकलं नव्हतं. डोक्यात तिडीक गेली. कोण आहे हा... श्वास रोखून ऐकत राहिला.

"अरे, हे सगळं पुसतायत रे तुझं," ती म्हणाली.

मग काही नाही. नुसती खरखर...

मग पुरुषाचा आवाज. शांत.

"पुसू दे. मी कुठे त्यात आहे?"

हा धावला. जिना... दार... अंधार.

बायको गाढ झोपलेली.

आणि तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. वरच्या खोलीत फोन नव्हताच. पहिला नवरा गेला त्याच आठवड्यात तिने तो काढून टाकला होता. भिंतीत नुसती तारेची दोन टोकं.

त्याने तिला उठवलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसून म्हणाला, "भ्यालो म्हणून नाही रे. झोपेतही ती हसत होती. मधे पडणारा मी कोण?"

त्या रात्री नुसता दिवा लावला त्याने. ती कुशीवर वळली. वरच्या बाजूचा कान...

लालभडक. हात लावला तर गरम. आणि त्यावर गोल वळ, तासभर रिसीव्हर दाबून धरल्यावर उमटतो तसा.