नापसंती व्यक्त केली

आमच्या प्रकाशनात पुस्तक शुद्ध करायची एक पद्धत आहे. काढायचा शब्द आधी वहीत लिहायचा, तो किती ठिकाणी आहे ते लिहायचं, वेळ टाकायची आणि मगच संगणकावर एका फटक्यात सगळीकडून उडवायचा. उद्या लेखक भांडायला आला तर पुरावा हवा, असं प्रकाशकांचं म्हणणं. अकरा वर्षं मी हेच काम करते आणि माझ्या वहीत खाडाखोड नसते. त्यामुळे पुढे जे सांगते आहे त्यातल्या वेळा तरी कुणी खोट्या म्हणू नयेत.

या वेळचं पुस्तक माझ्या मावशीचं होतं. तिने सव्वीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुतल्या आणि निवृत्त झाल्यावर ते सगळं तीन वह्यांत लिहून काढलं. जसं बोलायची तसंच लिहिलं. मग तिला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, शिव्या तेवढ्या उरल्या. डॉक्टर म्हणाले, असं होतं, शिव्यांचा कप्पा मेंदूत वेगळा असतो. तेव्हापासून ती आमच्याकडेच होती आणि आठ महिने तिचा कारभार तीन शब्दांवर चालला होता. 'मुडद्या' म्हणजे पाणी दे, 'हरामखोर' म्हणजे उशी सरळ कर आणि 'भडव्या' म्हणजे ये, बस जरा. माझी आई तिची धाकटी बहीण. शेजारी आले की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"पुस्तक चांगलंय," प्रकाशक म्हणाले, "पण लोकांनी ते घरात ठेवायला हवं ना? शिव्या काढा. आणि ते 'मी, मी' नको, 'ती' करा. परक्याची गोष्ट वाटली की वाचकाला झोंबत नाही."

मी मान डोलावली. दुसरा कुणी ते छापणार नव्हता आणि मावशी आहे तोवर तिच्या हातात पुस्तक पडायला हवं होतं.

सोमवारी सव्वाअकराला मी 'मुडद्या' काढला. एकेचाळीस ठिकाणी होता. संध्याकाळी मावशीने पाणी मागितलं नाही. ओठ हलले, नुसती हवा आली.

मंगळवारी दोन वाजून दहा मिनिटांनी 'हरामखोर' गेला. घरी आले तर मावशीची मान उशीवरून घसरून लोंबत होती. तिला सांभाळणाऱ्या बाईंना विचारलं, "कधीपासून?"

"माझी भांडी घासून झाली तेव्हा, दोनच्या सुमाराला बघा. शिवी द्यायला तोंड उघडलं आणि तशाच राहिल्या. मी मान सरळ करते, पुन्हा घसरते."

योगायोग, मी स्वतःला बजावलं. तरी बुधवारी मुद्दाम कामाला हात लावला नाही. मावशी दिवसभर 'भडव्या, भडव्या' करत होती. आपण घाबरलो आहोत हे कबूल करायची माझी तयारी नव्हती, म्हणून गुरुवारी सकाळी मी तो शब्दही काढला आणि 'ती' करायला बसले. त्याला मात्र वाक्य न् वाक्य पुन्हा लिहावं लागलं. मावशीच्या वहीत होतं, 'मुकादमाने पाठीवर हात ठेवला. मी म्हटलं, भडव्या, हात काढ, नाहीतर इस्त्रीखाली देईन.' मी लिहिलं, 'पर्यवेक्षकाच्या वर्तनाने ती व्यथित झाली. तिने नापसंती व्यक्त केली.' मुकादमाचा हात वाक्यातून सुटून गेला होता. काम सफाईदार झालं म्हणून मला तेव्हा बरं वाटलं, याची आज लाज वाटते.

संध्याकाळी आई दारातच उभी होती. डोळे भरलेले.

"अगं, ताई बोलली! अख्खं वाक्य बोलली!"

मावशी खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. स्वच्छ, मऊ आवाजात म्हणाली, "तिला पाणी हवं आहे."

"कुणाला, मावशी?"

तिने रिकाम्या पलंगाकडे पाहिलं. "तिला."

मी पेला ओठांशी नेला. तिने तोंड फिरवलं.

"किती सभ्य झाली बघ," आई म्हणाली. फोनवर डॉक्टरही खूश झाले. मावशी मात्र जेवली नाही. ताट डाव्या हाताने पलंगाकडे ढकलत राहिली. शुक्रवारी सकाळीही तेच. "ती उपाशी आहे," असं ती अगदी कळवळून सांगायची आणि स्वतः घास घ्यायची नाही. एका रात्रीत तिचे गाल बसले होते.

मी ऑफिसात गेले, तिच्या वह्या उघडल्या आणि पहिल्या पानापासून सगळं होतं तसं घालायला लागले. दुपारी प्रकाशक मागे येऊन उभे राहिले.

"हे काय चाललंय? सोमवारी छपाई आहे."

"छापायचं तर तिच्या तोंडचं छापा. नाहीतर मी हाताने नकला करून वाटीन."

"अहो, लोकांच्या घरात आयाबहिणी असतात!"

"त्यांच्यासाठीच लिहिलंय. त्यांच्या पाठीवर काय कमी हात पडलेत?"

ते काहीतरी बोलत राहिले. मी त्या दिवशी वहीत वेळ टाकली नाही.

चार वाजता घरी पोचले. जिन्यातच आवाज आला.

"मी! मी, भडव्या, मी!"

मावशी पलंगावर बसून डाव्या हाताने बकाबका जेवत होती. आई कानांवर हात ठेवून हसत होती आणि रडत होती.

मी शेजारी बसले. "दे शिव्या, मावशी. पोटभर दे."

तिने दिल्या. तिन्ही दिल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

तेव्हा चादर हलली.

आठ महिने लाकडासारखा पडलेला तिचा उजवा हात बाहेर आला. त्याने चादरीची सुरकुती नीट केली, अगदी त्या सभ्य 'ती'ने केली असती तशी. मग अगदी सावकाश वर गेला आणि तिच्या तोंडावर बसला.

आईचं हसू थांबलं.

मी दोन्ही हातांनी तो ओढला. हलेना. मावशीचे डोळे माझ्यावर रोखलेले होते, आणि त्यात भीती नव्हती, संताप होता.

पकड घट्ट होत गेली. बोटांच्या फटींतून शिव्या येतच राहिल्या.