काळ्या पट्टीची वेल

अक्कलदाढ दुखायला लागली की आधी माणसाची अक्कल जाते, असं डॉक्टरीणबाईंचं पक्कं मत होतं. त्या सकाळी त्यांच्या खुर्चीत बसलेला माणूस म्हणजे त्या मताचा चालताबोलता पुरावा. गाल पुरीसारखा टम्म फुगलेला, एक डोळा अर्धा मिटलेला, आणि तरी स्वारी डोक्यावरचा दिवा कसा चुकीच्या कोनात लावलाय ते समजावून सांगत होती.

"तुम्ही दिवे बसवता का?" तिने विचारलं.

"भौतिकशास्त्र शिकवतो. विद्यापीठात." मग सुईकडे बघून त्याचा आवाज एकदम खाली आला. "दुखणार… नाही ना?"

"दुखेल."

"तुमच्याकडे पेशंटला धीर द्यायची पद्धत नाही का?"

"आहे की. दुखेल, पण मी इथेच आहे. झाला देऊन. आ करा."

हे तिचं नेहमीचं वाक्य. शिकत असताना तिने एका लहान मुलीला "अजिबात दुखणार नाही" असं सांगितलं होतं, आणि सुई टोचल्यावर त्या मुलीने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर ती विसरली नव्हती. त्यानंतर तिने कुणालाही खोटा धीर दिला नाही. जबड्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या बाईने एवढं तरी पाळावं, असं तिला वाटे.

आठवड्याने तो टाके काढायला आला, तो खिशात पेनासारखी एक नळी घेऊन. बटण दाबलं तशी टोकाला जांभळी ज्योत उभी राहिली.

"बोट धरा त्यात."

"वेड लागलंय का?"

"थंड आहे. जंतू मारते, कातडीला काही करत नाही. घाबरलात?"

घाबरलात म्हटल्यावर ती थोडीच मागे हटणार! तिने बोट पुढे केलं. गार झुळूक लागल्यासारखं झालं, बाकी काही नाही. त्याने मात्र दुसऱ्या हाताने तिचं मनगट धरून ठेवलं होतं, आणि ज्योत विझल्यावरही ते सोडायचं त्याच्या लक्षात आलं नाही. तिच्याही आलं नाही म्हणा.

तिच्या वॉर्डात काही पेशंट असे होते, ज्यांच्या जबड्याच्या जखमा वर्ष वर्ष भरत नव्हत्या. ही ज्योत तिथे लावता आली तर? पण रुग्णालयाची समिती म्हणाली, आधी दुसऱ्या कुठल्या तरी जिवंत जखमेवर सिद्ध करून दाखवा. तेव्हा तिला बाबा आठवले. बाबांचा वाइनच्या द्राक्षांचा मळा होता. छाटणी झाली की वेलीवर उघड्या जखमा राहतात, त्यातून बुरशी आत शिरते आणि खोड आतून कुजत जातं. बाबा दरसाल दहा-बारा वेली उपटून टाकत आणि त्या दिवशी जेवत नसत.

बाबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्हीच का ते दिवेवाले? लावा. बघू काय दिवे लावताय ते!"

तेव्हापासून तो दिवेबुवाच झाला.

साठ वेली निवडल्या. नळ्या दोन: एकीला लाल पट्टी, एकीला काळी. दोन्हींतून जांभळा उजेड सारखाच येई, पण एक खरी होती आणि दुसरीत नुसता दिवा. खरी कुठली ते फक्त त्याला ठाऊक. चिठ्ठी बंद पाकिटात, पाकीट विद्यापीठाच्या कपाटात. हा नियम तिनेच केला होता.

"मला सांगायचं नाही," तिने बजावलं. "मी पाया पडले तरी नाही."

"पाया पडतानाचा फोटो काढला तर चालेल?"

नियम आणखी एक होता. पेशंटला जशी कधीही प्रयोगातून उठून जायची मुभा असते, तशी वेलीलाही. बाबांना एखादी काढून घ्यावीशी वाटली तर वहीत नोंद करायची, बस्स. मग बाबांच्या टोपीत तीस लाल, तीस काळ्या अशा साठ चिठ्ठ्या टाकून तिने एकेका वेलीसाठी एकेक उचलली. शेवटच्या ओळीत नळाजवळ आईने लावलेली वेल होती. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि बाबा रोज सकाळी त्या वेलीच्या खोडावर हात ठेवल्याशिवाय कामाला लागत नसत. त्या वेलीच्या वाट्याला काळी पट्टी आली.

तीन वर्षं दर रविवारी तो मळ्यात आला. कात्री त्याला कधीच धड धरता आली नाही. एकदा वेलीऐवजी स्वतःचं बोट छाटलं, तेव्हा तिने पाण्याच्या टाकीवर बसून त्याला एक टाका घातला.

"दुखेल," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. पण तू इथेच आहेस."

'तुम्ही'चं 'तू' झालं ते असं, टाक्याच्या दोऱ्यावर.

"तीन वर्षांत एक रविवार चुकवला नाही मी," पुढे एकदा तो म्हणाला. "वेलींसाठी येतो असं वाटतं तुला?"

"मग कशासाठी?"

"चहासाठी."

"चहा बाबा करतात."

"मग… बाबांसाठी."

ती हसली, आणि हसता हसता तिने त्याच्या शर्टाला चिकटलेलं वाळकं पान काढलं. ते आईच्याच वेलीचं होतं. त्या वेलीखाली उभं राहून त्याने पहिल्यांदा तिच्या कपाळावर ओठ टेकले. तिच्यावर किती प्रेम आहे ते त्याने शब्दांत सांगितलं नाही, आणि तिला ते सांगायला हवं असंही वाटलं नाही.

तिसऱ्या छाटणीला बाबांनी त्या वेलीची एक फांदी कापली आणि कापलेलं टोक बराच वेळ बघत राहिले. पांढऱ्या लाकडात कुजीची तपकिरी पाचर दिसत होती. ते शेडमधून करवत घेऊन आले.

"बुंध्यापासून कापतो, पोरी. अजून खाली पोचलेलं नाही. मुळापासून नवा फुटवा येईल, चार वर्षं जातील, पण वेल राहील. तुझ्या वहीत लिही काय लिहायचं ते."

"थांबा बाबा. खरा उपचार चालू असेल तर उगाच कापायची कशाला?"

भुरभुर पाऊस लागला होता. ती शेडच्या पत्र्याखाली दिवेबुवाला गाठायला गेली, आणि बोलायच्या आधीच तिचे डोळे भरून आले. "बाकीच्या एकोणसाठ राहू दे. एवढ्या एकीचं सांग… काळी खरी आहे ना?"

तो नळीची पट्टी उगाच घट्ट करत राहिला. मग त्याने तिचे डोळे पुसले आणि हसून म्हणाला, "काळजी करू नकोस."

तिला केवढं हायसं वाटलं! जवळजवळ पळतच ती ओळीत परत आली आणि बाबांच्या हातातून करवत काढून घेतली. "राहू द्या. मी सांगते ना." बाबांनी वर पाहिलं. लेकीच्या शब्दावर त्यांनी वेल सोडून दिली.

वसंतात सगळा मळा फुटला. आईची वेल फुटली नाही. बाबांनी नखाने साल खरवडली, खाली सगळं कोरडं होतं. मग करवत जमिनीलगत चालवली, तर तपकिरी डाग मुळापर्यंत उतरलेला.

"गेली," बाबा म्हणाले, आणि करवत पुसून ठेवली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. तिला मात्र त्यांनी बळेच वाढलं.

पुढच्या आठवड्यात समितीसमोर पाकीट फोडलं गेलं. लाल पट्टीच्या तीस वेलींपैकी दोन आजारी, काळीच्या तीसपैकी तेरा. लाल खरी होती. काळीत नुसता दिवा. समितीने टाळ्या वाजवल्या, जबड्याच्या पेशंटसाठी परवानगी तिथल्या तिथे मिळाली. टाळ्या तिनेही वाजवल्या, कारण आता कितीतरी लोकांच्या जखमा भरणार होत्या आणि ते खरंच होतं. तिच्या वाजवण्याला आवाज तेवढा नव्हता.

तो मागोमाग दवाखान्यात आला. बाहेर पहिला पेशंट बसला होता.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. "दर रविवारी त्या वेलीखाली चहा पिताना माहीत होतं."

"तूच म्हणाली होतीस, पाया पडले तरी सांगू नकोस."

"सांगितलं नाहीस त्याचा राग नाही रे. 'मला विचारू नकोस' म्हणाला असतास, तर मी बाबांना कापू दिलं असतं. तू म्हणालास, काळजी करू नकोस."

"तू रडत होतीस. मला… बघवलं नाही."

"रोज रडणारी माणसं बघते मी, या खुर्चीत. मला बघवतं का?"

"तीन शब्दांसाठी एवढी शिक्षा?" तो म्हणाला.

"त्या तीन शब्दांवर बाबांनी करवत खाली ठेवली. आता तू 'सगळं ठीक होईल' म्हणालास की मी काय समजू?"

प्रेम उडालं असतं तर किती सोपं झालं असतं! ते जसंच्या तसं होतं. त्याच्या बोटावरचा, तिनेच घातलेल्या टाक्याचा पांढुरका व्रण दिसला तरी तिला त्यावरून बोट फिरवावंसं वाटत होतं. पण आता त्याच्या हसण्याआड काय आहे ते दर वेळी पाकीट फोडून बघावं लागेल, आणि तसा संसार तिला जमणार नव्हता.

"लाल नळी इथे ठेव," ती म्हणाली. "सिस्टरांना कशी चालवायची ते शिकव. मग तू जा."

सिस्टरांना ती चालवून दाखवल्यावर त्याने नळी ट्रेमध्ये ठेवली, काळजीपूर्वक, टोक भिंतीकडे करून. दारापाशी जाऊन वळला. गाल सुजलेला नव्हता, पण चेहरा त्या पहिल्या सकाळचाच होता.

"हे… फार दिवस दुखणार नाही ना गं?"

तिने हातमोजे चढवले. बाहेरच्या पेशंटला हाक मारायला तोंड उघडलं, आणि आधी त्याच्याकडे पाहिलं.

"दुखेल," ती म्हणाली.

पुढचं अर्धं वाक्य ऐकायला तो क्षणभर उभा राहिला. ते तिने म्हटलं नाही.