दादाच्या नंबरावर

अर्ध्या तोंडाला भूल दिलेल्या माणसाशी ओळख व्हावी, ही तशी सोयीची गोष्ट. त्याला बोलता येत नाही, त्यामुळे आपलं आधी बोलून होतं.

राजारामपुरीतल्या एका दातांच्या दवाखान्यात मी समोरच्या टेबलाशी बसते. नावं लिहायची, नंबर पुकारायचे, रडणाऱ्या पोरांना आणि त्यांच्याहून जास्त घाबरलेल्या बापांना धीर द्यायचा. त्या शनिवारी शेवटचा पेशंट आतून आला आणि बाकावर बसून बोटानं खालचा ओठ चाचपू लागला... ओठ जागेवर आहे की नाही, याची खात्री नसल्यासारखा. चव्वेचाळीस वय, निळा स्वेटर, कानाजवळ थोडे पांढरे केस. हे सगळं मी त्याच्या केसपेपरवर वाचलं असं म्हणेन, पण स्वेटर आणि केस केसपेपरवर लिहीत नाहीत.

"जरा एक काम होतं," मी म्हटलं. "तुमच्या फोनवर एक साइट उघडून बघता?"

तीन दिवस मी हेच करत होते. माझी साइट बंद पडली होती. आधी वाटलं, माझाच फोन बिघडला. तो बंद करून चालू केला. घरच्या वायफायची वायर काढून परत खोचली. मग वहिनीचा फोन, दूधवाल्याचा, आदल्या दिवशीच्या दोन अक्कलदाढांचा. सगळीकडे तेच. पांढरं पान आणि मधोमध 'ही साइट उघडता येत नाही'. आता हा सहावा फोन.

त्यानं मान डोलावली. मी नाव सांगितलं—ट्रॉलीमागे.

त्याची बोटं थांबली. त्यानं माझ्याकडे बघितलं, केसपेपरांच्या गठ्ठ्यातला एक पाठकोरा कागद ओढला आणि लिहिलं: 'ती साइट तुमची?'

"माझीच. तुम्ही बघितलीय?"

त्यानं पेन टेकवलं, उचललं, परत टेकवलं. शेवटी एवढंच लिहिलं: 'हो.'

एवढ्या एका शब्दाला माणसाला इतका वेळ का लागावा, हे कुतूहल तेव्हाच माझ्या मनात घुसलं.

ट्रॉलीमागे म्हणजे काय ते सांगते. आम्ही कसबा बावड्याचे. हंगामात साखर कारखान्याबाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, आणि प्रत्येक ट्रॉलीच्या मागच्या फळीवर काहीतरी रंगवलेलं असतं. मोर, वाघ, मालकाच्या पोरांची नावं, एखादी ओळ. 'मागं राहा, रस पुढं हाय.' 'घरी बायको न्हाय, म्हैस वाट बघतीया.' बाविसाव्या वर्षी माझं लग्न मोडलं आणि मी दादाच्या घरी परत आले. त्यानंतर सकाळी फिरायला म्हणून जायचे, ते रांगेच्या कडेनं वाचत जायचे. पुढं फोनवर फोटो काढायला लागले. आठ वर्षांपूर्वी इकडचे-तिकडचे व्हिडिओ बघून साइट बनवली. अकराशे फोटो आहेत तिच्यावर. माझा लॅपटॉप गेल्या वर्षी गेला आणि फोनमधले फोटो मी जागा होईना म्हणून पुसले. साइटवर आहेतच की, म्हटलं.

हे सांगितल्यावर त्यानं कागदावर नुसता एक दीर्घ उसासा काढला. म्हणजे 'अरेरे' लिहिलं.

मग तो कामाला लागला. सम्राट नाव त्याचं. पॉलिटेक्निकच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी. त्यानं आधी दवाखान्याचं वायफाय सोडून स्वतःच्या नेटवर बघितलं, मग फोनमध्ये साठलेलं सगळं साफ करून बघितलं. मग कुठलंसं पान उघडून त्यात माझ्या साइटचं नाव टाकलं आणि लिहिलं: 'फोनचा दोष नाही. साइटचं नाव थांबवलंय. मालकाची खात्री पटली नाही म्हणून.'

"मालक तर मीच."

'नोंदणी कुणाच्या नंबरावर?'

नंबर दादाचा होता, आणि साइटच्या तळाशी दिसायचा तोही तोच. बाईमाणसाचा नंबर नेटवर टाकत नाहीत, असं घरात ठरलं होतं, म्हणजे दादानं म्हटलं होतं आणि मी मान हलवली होती. मेलही त्याचाच, दूध संस्थेसाठी काढलेला, त्याचा पासवर्ड आता कुणालाच आठवत नाही. फोटो चढवायला मला वेगळा पासवर्ड होता, पण खात्याच्या आत शिरायचं तर दादाच्या फोनवर येणारा ओटीपी लागायचा.

खात्याचं लॉगिनचं पान उघडलं आणि दोघांनी ती ओळ एकदमच वाचली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, म्हणून आज संध्याकाळी सहा वाजता खातं बंद होईल, आणि त्यातला मजकूर पुसला जाईल.

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

'भावाला फोन लावा,' त्यानं लिहिलं आणि ओटीपी मागवला.

दादा रांगेतच होता, आमचा ऊस घेऊन. मागं ट्रॅक्टरचा आवाज.

"दादा, तुला सहा आकडी नंबर आलाय बघ."

"आलाय."

"वाच."

"वाचतोय की. मनात."

"मोठ्यानं वाच."

"न्हाय. हितंच लिवलंय, कुनाला सांगू नका."

"अरे, मी संयू बोलतेय."

"आवाज संयूचा हाय. पर आजकाल आवाज बी काढत्यात. सोसायटीत शिबिर झालं परवा. सख्ख्या भनीला बी सांगायचा न्हाय म्हनला सायब."

"मग मलाच माहीत असेल असं काहीतरी विचार."

दादानं विचार केला. "आईच्या म्हशीचं नाव?"

"चंद्री."

"ते सगळ्या गल्लीला म्हाईत हाय," दादा म्हणाला, आणि फोन ठेवला.

शेजारी सम्राट भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. दहा मिनिटं संपली आणि तो आकडा वाया गेला. दुसरा मागवला, तर दादानं फोनच उचलला नाही. पानावर नवीन ओळ आली: आता एकदाच मागवता येईल, नंतर चोवीस तास कुलूप.

मी पर्स उचलली. "बावड्याला जाते. माणूस समोर दिसला की देईल."

त्यानं कागद पुढं केला: 'माझी गाडी खाली आहे.'

मी का गेले? तसं कारण सोपं होतं, रिक्षा शोधण्यात वेळ गेला असता. पण दुखऱ्या दाताचा माणूस अनोळखी बाईच्या साइटसाठी आपला शनिवार का घालवतोय, हे कळल्याशिवाय मला राहवलं नसतं, हेही खरं.

मोटारसायकलवर आमच्या दोघांच्या मध्ये मी पर्स ठेवली होती. गाडीच्या आरशात मागची वाहतूक दिसायला हवी. मला त्यात त्याचे डोळे दिसत होते... म्हणजे त्याला माझे दिसत असणार. कलेक्टर ऑफिस मागं पडलं तेव्हा मी नजर काढून घेतली. लाईन बझारच्या पुढं कारखान्याच्या मळीचा गोड-आंबूस वास सुरू झाला तेव्हा परत बघितलं. तो बघतच होता.

"ओठ परत आला," तो म्हणाला. पहिल्यांदाच ऐकलेला त्याचा आवाज. खालचा, जरा घोगरा.

"पुरा आला?"

"निम्मा. उरलेला येईल बावड्यापर्यंत."

"घाई नाही."

"मला आहे," तो म्हणाला, आणि मग लगेच, "म्हणजे... सहा वाजता बंद होणार ना."

दादा रांगेत पुढून नववा होता. ट्रॅक्टरच्या सावलीत बसून शेंगा फोडत होता. माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे, मग गाडीवाल्याकडे.

"ह्यो कोन?"

"दवाखान्यात आलेले पेशंट आहेत."

"पेशंट गाडीवर घिऊन हिंडत्यात व्हय आता?" दादा उठला. "पावणं, गाव कंचं?"

"नेसरी."

"नाव?"

"सम्राट बाळासो कांबळे."

आमच्याकडे आडनाव कळलं की माणसं पुढचं सगळं कळल्यासारखी गप्प होतात. दादाही झाला. पण दादानं शेंगांची टरफलं झटकली, फोन काढला आणि अंगठ्यानं खाली-खाली सरकवत राहिला.

"दोन वर्सामागं तुमीच मेसेज केलता न्हवं? हितं हाय. 'सम्राट ट्रॉली.' उत्तर बी दिलतं मी."

"मिळालं होतं," सम्राट हळूच म्हणाला.

मला काही कळेना. "कसला मेसेज? काय उत्तर दिलंस तू?"

"बरोबर दिलं. भन कामात हाय. ट्रॉली विकायची न्हाय."

"ट्रॉली?"

"मग? येवढं लोक विचारत्यात, ह्या ट्रॉलीचं काय, त्या ट्रॉलीचं काय. म्हंजे घ्यायलाच न्हवं? मी सगळ्यास्नी कळवतो. आठ वर्सं कळवतोय."

मी हात पुढं केला. दादानं आजवर स्वतःचा फोन कुणाच्या हातात दिला नव्हता. त्या दिवशी का कोण जाणे, दिला.

नागपूरची एक मुलगी विचारत होती, ही अक्षरं कशी काढतात. सांगलीचे एक गुरुजी म्हणत होते, वर्गात पोरांना दाखवतो. कॅनडातून कुणी लिहिलं होतं, घरची आठवण आली, आभार. प्रत्येकाखाली दादाचं उत्तर. ट्रॉली विकायची न्हाय. आठ वर्षं मला वाटत होतं, माझी साइट कुणीच बघत नाही. रिकाम्या मैदानात एकटीनं गाणं म्हणावं तशी मी फोटो चढवत होते.

मग 'सम्राट ट्रॉली' उघडलं.

'नमस्कार. तुमच्या साइटवर माझ्या वडिलांनी रंगवलेल्या सात ट्रॉल्या आहेत. आता त्यांचा हात थरथरतो, ब्रश धरत नाहीत. फोटो मी त्यांना रोज एक दाखवतो. खाली त्यांचं नाव टाकता येईल का? बाळासो पेंटर, नेसरी.'

मी मान वर केली. तो ट्रॉलीवरच्या उसाकडे बघत होता, जणू कांड्या मोजायच्या आहेत.

"दवाखान्यात का नाही सांगितलंत?"

"तोंड बधिर होतं."

"कागद होता की."

"कागदावर काय लिहिणार? मला वाटत होतं, तुम्हीच भावाला उत्तर द्यायला सांगितलंय. नको म्हणून."

"तरी आलात?"

"बाबांच्या सात ट्रॉल्या पुसल्या गेल्या असत्या," तो म्हणाला. "लाईन बझारपर्यंत त्यासाठीच आलो."

"आणि त्याच्या पुढं?"

"त्याच्या पुढं... तुम्ही आरशात बघायला लागला."

दादा मोठ्यानं खाकरला. "पाच वाजून गेलं," तो म्हणाला. "काय बगायचं ते नंतर बगा. नंबर मागवा."

सम्राटनं शेवटचा ओटीपी मागवला. फोन माझ्या हातात वाजला. सहा आकडे मी स्वतः वाचले, एकेक, आणि त्यानं एकेक टाकला. शेवटच्या आकड्यावर त्याचं बोट क्षणभर थांबलं. आत शिरलो. खात्री करा, असं एक बटण होतं. त्याच्या वर मालकिणीचं नाव: संयोगिता. खाली नंबर: दादाचा.

"हाच ठेवायचा?" त्यानं विचारलं. माझ्याकडे बघूनच विचारलं.

मी त्याचा फोन घेतला, दादाचा नंबर खोडला, माझा टाकला आणि बटण दाबलं.

"अगं, नेटवर बाईमानसाचा नंबर—" दादा सुरू झाला.

"साइट बाईमाणसाचीच आहे, दादा."

रांग दोन ट्रॉल्या पुढं सरकली होती आणि मागचा ट्रॅक्टर हॉर्न मारत होता. दादा चढून बसला. मग वरूनच म्हणाला, "पावणं, जेवून जावा. पर दाताचं बगून. तांबडा रस्सा झेपायचा न्हाय तुमास्नी." आणि ट्रॉली ओढत निघून गेला.

साइट उघडायला आणखी पंचवीस मिनिटं लागली. नाव सगळीकडे पोचायला वेळ लागतो, असं तो समजावत होता आणि मी दर मिनिटाला पान ताजं करत होते. पांढरं. पांढरं. पांढरं. मग एकदम हिरवा मोर. त्यानं श्वास सोडलेला मला ऐकू आला. मी तिथंच उभ्या उभ्या, त्याला विचारत, त्याच्या बाबांच्या सात ट्रॉल्या शोधल्या आणि प्रत्येकीखाली लिहिलं: बाळासो पेंटर, नेसरी. सातव्या वेळी तो दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. मी हाक मारली नाही.

"उरलेल्या हजारांचे पेंटर कोण असतील?" जरा वेळानं मी म्हटलं. हा प्रश्न मला आठ वर्षांत सुचला नव्हता, आणि आता तो सोडवेना.

"थोडे बाबा ओळखतील. नुसती शेपटी बघून सांगतात, मोर कुणाचा ते." तो घुटमळला. "एक विचारू? साइटवर आता तुमचा नंबर दिसतोय."

"दिसू दे."

"तिथून मी घेणार नाही."

"का?"

"तो सगळ्यांसाठी आहे. मला तोच हवाय, पण... तुम्ही दिलेला."

चाळिशी ओलांडलेल्या बाईनं लाजायचं नसतं, असं ऐकून आहे. ज्यांनी सांगितलं, त्यांना कुणी असा नंबर मागितला नसावा. मी आकडे सांगायला सुरुवात केली. हळू. तो फोनवर टाकत गेला. नऊ झाले आणि मी थांबले.

त्यानं वर बघितलं. "दहावा?"

"उद्या रविवार आहे. नेसरीला जायला किती वेळ लागतो?"

"दोन तास. गाडी कुणाच्या मागं अडकली नाही तर."

"मग दहावा तिथं सांगते. तुमच्या बाबांच्या समोर, मोर ओळखून झाल्यावर."

"दहा वेळा लावून बघितलं तर आताच सापडेल," तो म्हणाला.

"बघा की लावून."

त्यानं फोन खिशात ठेवला. "नको," तो म्हणाला. "सकाळी सातला येतो. बावड्याच्या भगवा चौकात उभ्या राहा."