फरच्या रानातली हाक

माझ्या बायकोच्या, उरुमखानच्या पायावर समोवरातलं उकळतं पाणी सांडलं, त्याला बारा दिवस झाले होते. जखम चिघळली, ताप उतरेना. खिंड बर्फानं बंद होती, म्हणजे डॉक्टर यायचा नाही. उरला फरच्या झाडाचा डिंक. मेंढीच्या चरबीत कालवून लावला की जखम भरते. घरातला संपला होता, म्हणून दुपारचा चहा झाल्यावर मी टोकदार शिंग आणि डबी घेऊन उठलो.

"अहो, कानटोपी घाला," ती पडल्या पडल्या म्हणाली. "म्हातारे झालात आता."

"आणि तू काय, परवा लग्न होऊन आलीस?"

ती हसली. हसतानाही तिचे दात वाजत होते.

चव्वेचाळीस वर्षांत तिनं माझं नाव घेतलं नव्हतं. आम्हा किर्गिझांत बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, सासरच्या थोरांचंही नाही. माझ्या काकांचं नाव बुलाक. आमच्या भाषेत बुलाक म्हणजे झरा. म्हणून उरुमखान झऱ्याला 'वाहतं' म्हणायची.

फर डोंगराच्या सावलीच्या अंगाला वाढतो. पानं चपटी, मऊ, हाताला टोचत नाहीत. कोवळ्या झाडाची साल गुळगुळीत असते आणि तिच्यावर डिंकाचे फोड येतात. शिंग टोचायचं, डबी धरायची, थेंबाची वाट बघायची. धुकं उतरलं होतं. रानात डिंकाचा वास इतका दाट, की घशात बसत होता. बारा रात्री मी नीट झोपलो नव्हतो. झाडाला कपाळ टेकून थेंब मोजत होतो.

फरची बोंडं फांदीवर उभी असतात आणि तिथंच सुटी होतात. खाली येते ती नुसती भुशी. वारा नव्हता, तरी भुशी माझ्या टोपीवर झरझर पडायला लागली.

"कादिरकुल…"

आवाज उरुमखानचा होता. वरच्या अंगानं, धुक्यातून आला.

तिला उठून बसवतही नव्हतं. आणि ती माझं नाव घेईल? वडील सांगायचे, रानात नावानं हाक आली तर ओ देऊ नये. मला सगळं ठाऊक होतं.

"कादिरकुल…"

पण बाबा रे, मी फार दमलो होतो. आणि तिच्या तोंडून माझं नाव इतकं गोड लागलं…

"आलो गं," मी म्हणालो.

भुशी पडायची थांबली. वर कुणी नव्हतं. बर्फावर पाऊल नव्हतं. मी डबी बंद केली आणि उतरलो.

दारातच सून भेटली. डोळे पुसत हसत होती. "बाबा, आई उठल्या! ताप गेला, आपल्या पायांनी चुलीशी गेल्या!"

ही कणीक मळत बसली होती. पायावरची पट्टी सोडलेली. जखम नव्हती, वणही नव्हता. कातडी गुळगुळीत, थंड. डबी माझ्या खिशात बंद होती, तरी घरभर डिंकाचा वास होता.

"बस, कादिरकुल. चहा घे."

सुनेनं तोंडावर हात धरला. "आई! अहो, नाव काय घेताय!"

"जीपार, बुलाकावरनं पाणी आण," ही शांतपणे म्हणाली.

गावात हसले लोक. "कादिरकुल, म्हातारपणी बायको धीट झाली रे!" मीही हसलो. तक्रार कशाची करायची? ती भाकरी चांगली भाजते, माझी पाठ चेपते. बायको वाचावी म्हणूनच तर मी रानात गेलो होतो.

तीन हिवाळे झाले. धुकं खाली उतरलं की ही उठून दार लावते. मग कधी कधी फरच्या बाजूनं आवाज येतो. बारीक, थकलेला.

"अहो… पाय फार दुखतोय हो…"

मी कडीकडे बघतो. उठायचं म्हणतो.

"कादिरकुल," ही म्हणते, "चहा निवतोय."